मृगाचा गारवा आणि रंगीत मासे: ठिपके गेले तरी उपचार थांबवू नका

मे अखेरीस हौदातले पाणी दुपारी ३१-३२ अंशांवर असते. मृगाच्या दोन-तीन जोरदार सरी पडल्या की तेच पाणी एका रात्रीत २५ अंशांवर येते. आपल्याला या गारव्याने हायसे वाटते, माशाला मात्र तो सोसत नाही. पाणी गार झाले की माशाचे अंगही तेवढेच गार होते आणि त्याची प्रतिकारशक्ती मंदावते. मग गप्पी, मॉली, गोल्डफिश, एंजल यांच्या अंगावर रव्याचे दाणे चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसू लागतात. परसात शेडनेटखाली सिमेंटचे हौद बांधून ज्यांनी रंगीत माशांची पैदास सुरू केली आहे, त्यांनी जूनचे हे दिवस डोळ्यांत तेल घालून काढायला हवेत. घरात एकच काचेची टाकी असेल तरी हेच लागू आहे.

मासा आजारी दिसला की हात आधी औषधाच्या बाटलीकडे जातो. तसे करू नका. आधी एक साधी गोष्ट बघा: सगळे मासे एकदम बिघडले आहेत, की एक-एक करून? संध्याकाळी ठणठणीत असलेले मासे पहाटे सगळेच्या सगळे वर येऊन तोंडाने हवा घेत असतील, तर तो बहुतेक वेळा रोग नसतो. रात्री वीज गेली आणि एअर पंप बंद पडला, पाणी बदलताना क्लोरीन आत गेला, किंवा अमोनिया वाढला. अशा वेळी औषध घालणे म्हणजे दमेकऱ्याच्या खोलीत धूर करणे. हवा वाढवा, क्लोरीन काढलेल्या पाण्याने तिसरा हिस्सा पाणी बदला, त्या दिवशी खाद्य बंद ठेवा. तासा-दोन तासांत मासे खाली उतरले तर निदान झालेच. आज एक, परवा तीन, आठवड्यात निम्मी टाकी, अशी चाल असेल तर मात्र रोग समजा.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, दुकानात ज्याला नुसते ‘व्हाइट स्पॉट’ म्हणतात, तो इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस या एकपेशीय परजीवीमुळे होतो. ठिपके दिसण्याआधी दोन दिवस मासा दगडाला, पाइपला अंग घासतो, पर मिटून घेतो. कधी तो आधी कल्ल्यांत शिरतो. अंगावर एकही ठिपका नसतो, पण कल्ले भात्यासारखे हलत असतात. आणि एक चूक टाळा: नर गोल्डफिशच्या कल्ल्याच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेला विणीच्या काळात बारीक पांढरे दाणे येतात. तो रोग नव्हे, नर वयात आल्याची खूण आहे. ठिपके फक्त तेवढ्याच जागी असतील आणि मासा खातोय, हुंदडतोय, तर त्याला हात लावू नका.

आता या परजीवीचा फेरा नीट समजून घ्या, कारण सगळा उपचार त्यावरच उभा आहे. आपल्याला दिसतो तो ठिपका म्हणजे माशाच्या कातडीखाली बसून खाणारा परजीवी. त्याच्यापर्यंत पाण्यातले औषध पोचत नाही. पोट भरले की तो कातडी फोडून बाहेर पडतो, वाळूला किंवा हौदाच्या भिंतीला चिकटतो आणि स्वतःभोवती कवच करतो. कवचातही औषध शिरत नाही. आत त्याचे विभाजन होऊन शेकडो, कधी हजारापर्यंत पिल्ले तयार होतात आणि ती मासा शोधत पोहू लागतात. साधारण दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. औषध मारते ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना, आणि ती आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. २५ अंशांच्या आसपास हा फेरा पाच-सहा दिवसांत पुरा होतो, गार पाण्यात तो दोन-दोन आठवडे लांबतो.

म्हणून चौथ्या दिवशी अंग स्वच्छ दिसले तर समजा की ठिपके माशावरून तळाला गेले आहेत, मेलेले नाहीत. माझ्या पहिल्या पावसाळ्यात मी नेमका त्याच दिवशी उपचार बंद केला होता. पुढच्या आठवड्यात ठिपके परतले ते दसपट होऊन, आणि जपून वाढवलेल्या एंजलच्या जोड्या हातच्या गेल्या. तेव्हापासून टाकीवर खडूने तारीख लिहितो. शेवटचा ठिपका दिसला तो दिवस शून्य धरायचा, आणि तिथून पुढे पुरे सात दिवस उपचार चालू ठेवायचा. पाणी गार असेल तर चौदा.

औषधाआधी टाकीतले पाणी किती ते मोजा. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची फुटांत गुणा आणि २८ ने गुणा, लिटर मिळतात. तीन बाय एक बाय दीड फुटांची टाकी सव्वाशे लिटरची दिसते, पण वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी शंभर-एकशेदहा लिटरच असते. अंदाजाने औषध ओतल्यामुळे मासे मरतात आणि दोष रोगाला जातो.

घरच्या टाकीत पहिला उपाय मीठ आणि ऊब. साधे खडे मीठ लिटरला २ ते ३ ग्रॅम, म्हणजे शंभर लिटरला २०० ते ३०० ग्रॅम. ते बादलीत विरघळवून दिवसभरात तीन हप्त्यांत घाला. गप्पी, मॉली, गोल्डफिश, कोई यांना एवढे मीठ सहज सोसते. टेट्रा, लोच, कोरीडोरास यांना १ ग्रॅमच्या पुढे जाऊ नका. जिवंत वनस्पती आधी काढून ठेवा. पाणी उडून कमी होते, मीठ उडत नाही, म्हणून वरून नुसते पाणी भरताना पुन्हा मीठ घालू नका. जेवढे पाणी काढून टाकले तेवढ्याचेच मीठ भरा. हीटरने पाणी तासाला एका अंशापेक्षा जास्त नाही अशा बेताने ३० अंशांपर्यंत न्या. उबेने फेरा लवकर पुरा होतो आणि ३० च्या वर परजीवीची वाढ थांबते. गोल्डफिश आणि कोई मात्र गार पाण्याचे मासे, त्यांना २७-२८ पुरे. उबदार पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून हवेचे बुडबुडे सोडणारा एक एअर स्टोन जास्तीचा लावाच. रोज तळाची घाण नळीने ओढून काढा, कवचातले निम्मे शत्रू तिथेच सापडतात.

मोठ्या हौदांना हीटर परवडत नाही. तिथे पैदासकार फॉर्मलिन वापरतात: बाजारातले ३७ टक्के फॉर्माल्डिहाइडचे द्रावण, शंभर लिटरला अडीच मिली, एक दिवसाआड, दर वेळी आधी निम्मे पाणी बदलून. फॉर्मलिन पाण्यातला प्राणवायू खाते, त्यामुळे हवा जोरात हवी आणि वीज जाण्याची भीती असेल त्या रात्री ते घालूच नका. बाटलीच्या तळाशी पांढरा साका दिसला तर ती फेका, तो माशांना फार विषारी असतो. हातमोजे घाला, वाफ नाकात घेऊ नका. मॅलाकाइट ग्रीन असलेली औषधे शोभेच्या माशांपुरतीच. खाण्याच्या माशांसाठी त्यावर बंदी आहे, तेव्हा रोहू-कटल्याच्या शेततळ्याकडे ते पाणी जाता कामा नये. कोणतेही औषध घालताना फिल्टरमधला कोळसा काढा, नाहीतर तोच औषध शोषून घेतो.

ऊब देण्याआधी ठिपका आणि कापसासारखी दिसणारी वाढ यांतला फरक ओळखा. तोंडाभोवती किंवा पाठीवर खोगिरासारखा राखाडी-पांढरा पट्टा दिसला आणि मासे दोन दिवसांत मरू लागले, तर तो कॉलम्नॅरिस हा जिवाणूजन्य रोग असू शकतो. उबेने तो भडकतो. तिथे हीटर बंद, मासा वेगळा, पाणी स्वच्छ. खरी बुरशी धाग्यांसारखी लोंबते आणि ती आधीच्या जखमेवरच धरते. तिला वेगळ्या टबात मिथिलीन ब्लू चालते, मुख्य टाकीत मात्र नको, फिल्टरमधले चांगले जिवाणू त्याने मरतात. खवले उभे राहून मासा देवदाराच्या फळासारखा फुगला, तर तो वाचणे अवघड. त्याला बाजूला काढा आणि बाकीच्यांचे पाणी तपासा. माणसांच्या अँटिबायोटिक कॅप्सूल फोडून टाकीत ओतण्याची पद्धत मला अजिबात पटत नाही. जिवाणू निर्ढावतात आणि मासा वाचत नाही.

गोल्डफिश-कोईच्या अंगावर चपटी, पारदर्शक, सरकणारी ऊ दिसली तर ती आर्गुलस. ती तळ्यातल्या जिवंत खाद्याबरोबर येते. चिमट्याने काढता येते. शेतातले कीटकनाशक अंदाजाने हौदात घालू नका. मात्रेत जरा चूक झाली की हौद रिकामा होतो.

पावसाळ्यात पाण्याकडे दुप्पट लक्ष हवे. गावोगावी विहिरीत आणि टाकीत टीसीएल (क्लोरीनची ब्लीचिंग) पावडर टाकतात, शहरातही नळाच्या पाण्यात क्लोरीन वाढवतात. माणसांसाठी ते हवेच, पण माशाचे कल्ले त्याने भाजतात. पाणी एअर स्टोन लावून दिवसभर उघडे ठेवा किंवा क्लोरीन मारणारे हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे वापरा. हौदावर ताडपत्री तिरपी बांधा. पाऊस थेट आत पडला तर तापमान आणि सामू दोन्ही झपाट्याने बदलतात. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात आणून ठेवा. गटारातले ट्युबिफेक्स हे जिवंत किडे या दिवसांत बंद, कोरडे खाद्य द्या, तेही गार दिवशी निम्मे.

कुर्ल्याहून, क्रॉफर्ड मार्केटहून किंवा कोलकात्याच्या पार्सलमधून आलेला मासा थेट जुन्या हौदात सोडू नका. किमान दोन आठवडे वेगळी टाकी, वेगळी हातजाळी, वेगळी बादली. जाळी वापरून झाली की कडकडीत वाळवा, ओल गेली की हा परजीवी टिकत नाही. हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नका. माशांमधला एक क्षयगटातला जिवाणू माणसाच्या त्वचेतही शिरतो. बरी न होणारी गाठ आली तर डॉक्टरांना मासे पाळतो हे आवर्जून सांगा.

उपचार करूनही मर थांबत नसेल तर नमुना तपासून घ्या. रत्नागिरीजवळ शिरगावला कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय आहे, नागपूर आणि उदगीरला मत्स्य विज्ञान महाविद्यालये आहेत, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. आधी फोन करून वेळ ठरवा. मेलेला मासा नेऊ नका, काही तासांत कल्ले कुजतात आणि परजीवी निघून जातात. आजारी पण जिवंत असे दोन-तीन मासे प्राणवायू भरलेल्या पिशवीत, त्याच टाकीचे लिटरभर पाणी वेगळ्या बाटलीत, आणि कोणत्या तारखेला काय व किती घातले याची चिठ्ठी, एवढे बरोबर न्या.