कर्नल कंपाइल करण्याआधी सगळं काही जोडून ठेवा

डिस्ट्रोची (उबुंटू, फेडोरासारख्या तयार लिनक्सची) कॉन्फिग फाइल, म्हणजे कर्नलमध्ये काय काय घ्यायचं त्याची यादी, जशीच्या तशी उचलून लिनक्सचा कर्नल (सिस्टमचा गाभा) सोर्सपासून कंपाइल करायला बसलात तर हजारो मॉड्यूल (ड्रायव्हरसारखे कर्नलचे सुटे तुकडे) बनत बसतात, त्यातली बहुतेक तुमच्या मशीनला जन्मात लागणार नाहीत आणि जुना लॅपटॉप असेल तर पंखा नुसता घोंगावत राहतो. त्यापेक्षा 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' चालवा. २.६.३२ पासून हे कर्नलच्या सोर्समध्येच आहे, 'एलएसमॉड'मध्ये (लोड झालेल्या मॉड्यूलची यादी दाखवणारी कमांड) त्या क्षणी जी मॉड्यूल दिसतात तेवढी ठेवतं, बाकीची बंद.

पण गोम तिथेच आहे, त्या क्षणी! मी एकदा घाईत केलं, नवा कर्नल झकास बूट झाला, वायफाय आवाज सगळं ओके, आणि दोन दिवसांनी पेनड्राइव्ह लावला तर 'अननोन फाइलसिस्टम टाइप'. अर्थात, फॅटचं (पेनड्राइव्हवरच्या फाइलसिस्टमचं) मॉड्यूलच बनवलं नव्हतं ना. म्हणून आधी पेनड्राइव्ह माउंट करा, वेबकॅम, ब्लूटूथ, प्रिंटर, व्हीपीएन, जे जे अधूनमधून वापरता ते एकदा चालू करून घ्या आणि मगच कमांड द्या.

अजून एक, कॉन्फिगमध्ये 'लोकलव्हर्जन'ला (कर्नलच्या व्हर्जन नंबरापुढे जोडला जाणारा मजकूर) स्वतःचं काहीतरी शेपूट लावा, '-घरचा' वगैरे नको हं, साधी इंग्रजी अक्षरं. नाहीतर त्याच व्हर्जनचा कर्नल परत बनवला की आधीच्या मॉड्यूलवरच नवीन जाऊन बसतात. आणि डिस्ट्रोचा कर्नल ग्रबमधून (बूट होताना कर्नल निवडायचा मेनू) काढू नका, कितीही आत्मविश्वास असला तरी.