रहाट तेवढा ठेवला

आमचा दादा मध्यरात्री उठून विहिरीचा रहाट फिरवत बसायचा. पाणी काढायचा नाही, नुसती कुरकुर. त्याच्यावर कथा लिहायला मला ११ वर्षं लागली. पहिले ३ खर्डे चुलीत गेले, तेव्हा कुठे काही गोष्टी कळल्या.

आजाराच्या नावाने सुरुवात करू नका. स्किझोफ्रेनिया हा शब्द आमच्या पडवीत फार उशिरा आला. आधी बाधा, मग करणी, मग देवळातलं गाऱ्हाणं. कथेतही त्याच क्रमाने येऊ दे. आणि एका अंगात दोन माणसं दाखवू नका, तो हा आजारच नव्हे. दादाला आवाज ऐकू यायचे, माणूस तो एकच होता.

माणसाची ओळख लपवायला नुसतं गाव बदलून भागत नाही. कोकणात शेजारच्या तालुक्यात कोणाची तरी आत्या दिलेली असतेच. मी भावाची बहीण केली, हर्णैचं विजयदुर्ग केलं, रहाट तेवढा ठेवला.

छापायला देण्याआधी घरात वाचा. आई म्हणाली, "तो कडी लावून रडायचा, ता काढ गो. बाकी रव दे." काढलं.

मृत्यू कसा झाला याचा तपशील देऊ नका. वाचणाऱ्यांत कोणी त्याच काठावर उभं असतं. मी दुसऱ्या दिवशीचं अंगण लिहिलं: वाळत घातलेली सुपारी, पावसात भिजलेली, कोणीच न उचललेली.

लिहिताना झोप उडाली तर वही मिटा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा फोन फुकट आहे, मराठीत बोलतात. मी दोनदा लावलाय.