नवीन प्लांटचं काम हाती आलंय? शेडच्या आधी काय बघायचं

भोसरीतल्या भाड्याच्या गाळ्यातून चाकणला स्वतःच्या प्लॉटवर जाणारी कंपनी हे पुण्याकडचं नेहमीचं चित्र आहे. पहिला गाळा भरतो, मग शेजारचा घेतात, मग रस्त्यापलीकडचा. टर्निंग (लेथवर घडवणं) एकीकडे, ग्राइंडिंग (घासून अचूक साइज देणं) दुसरीकडे आणि तपासणी तिसरीकडे होऊ लागते. पावसाळ्यात ट्रॉलीवर ताडपत्री टाकून शाफ्ट रस्ता ओलांडतात, तरी दोन-चार क्रेटना गंज लागतोच. असं वर्ष-दोन वर्षं चाललं की मालक एखाद्या तरुण इंजिनिअरला केबिनमध्ये बोलावतात आणि म्हणतात, "नवीन प्लांटचं तू बघ." कॉलेजात प्लांट लेआउटचा एखादा धडा झालेला असतो, तेवढीच शिदोरी. मी वाहनांच्या सुट्या भागांचं मशिनिंग करणाऱ्या कंपन्यांमध्ये हेच काम करत आले आहे, त्यामुळे हा लेख त्या केबिनमधून नुकतंच बाहेर पडलेल्यांसाठी.

सगळे पहिल्यांदा विचारतात, "किती स्क्वेअर फूट लागेल?" याचं उत्तर लगेच देऊ नका. आधी मशिनचे तास काढा. समजा एका शाफ्टची महिन्याची मागणी ४०,००० आहे आणि टर्निंगला ९० सेकंद लागतात. म्हणजे महिन्याला १,००० मशिन-तास हवेत. २५ दिवस, दोन शिफ्ट आणि शिफ्टला साडेसात तास धरले, तर एका मशिनचे ३७५ तास होतात. सेटिंग, टूल बदलणं, बिघाड, मटेरियलची वाट हे सगळं वजा करून त्यातले ७५ टक्के हाती लागतात, म्हणजे साधारण २८१. एक हजाराला २८१ ने भागलं की साडेतीनच्या वर येतं, म्हणून मशिन चार. मागणी ६०,००० वर गेली तर याच हिशेबाने सहा लागतील. पण तिसरी शिफ्ट सुरू करून प्रत्येक शिफ्टचे सात तास धरले, तर चार मशिनमध्येच ६०,००० बसतात. हा कागद मालकांसमोर ठेवला की बोलणं चौरस फुटांवरून शिफ्टवर येतं, आणि तिथूनच खरं नियोजन सुरू होतं. तो ७५ चा आकडा मात्र आपल्या शॉपमधल्या नोंदींतून काढा. मशिन विकणाऱ्याच्या कोटेशनमधली टक्केवारी त्याच्या सोयीची असते.

दुसरं काम म्हणजे एक पार्ट निवडायचा आणि स्टीलचा बार ट्रकमधून उतरल्यापासून पेटी डिस्पॅचला जाईपर्यंत त्याच्या मागे मागे फिरायचं. किती अंतर गेला, कुणी उचलला, कुठे किती वेळ पडून राहिला, सगळं वहीत लिहायचं. एका ऑपरेटरने मला सांगितलं होतं, "मॅडम, मशिन थांबत नाही, पार्ट थांबतो." खरंच तसं असतं. प्रत्यक्ष मशिनवर पार्ट काही मिनिटं असतो आणि बाकीचे दिवस क्रेटमध्ये. त्यामुळे नव्या शेडमध्ये मशिनइतकाच विचार त्या क्रेटचा करावा लागतो. दोन प्रक्रियांच्या मध्ये किती माल थांबणार हे आधी ठरवलं नाही, तर पहिल्या महिन्यातच गँगवेवर, म्हणजे ये-जा करायच्या वाटेवर, क्रेट रचलेले दिसतात.

लेआउट कॉम्प्युटरवर काढण्याआधी तो पुठ्ठ्याचा करून बघा. १:५० चं प्रमाण सोयीचं पडतं, एक मीटर म्हणजे दोन सेंटिमीटर. तीन मीटर बाय दोन मीटरचं टर्निंग सेंटर सहा बाय चार सेंटिमीटरचा तुकडा होतो. पण नुसती मशिनची चौकट कापू नका. इलेक्ट्रिकल पॅनेलचं दार उघडल्यावर लागणारी जागा, धातूचा कीस बाहेर नेणारा चिप कन्व्हेयर मागे ओढून काढायची जागा, कूलंट टाकी साफ करताना माणूस वाकेल ती जागा, सगळं त्या तुकड्यात आलं पाहिजे. बार आपोआप आत सरकवणारा लांब बारफीडर असेल तर मशिनची लांबी दुपटीहून जास्त होऊ शकते. मग टेबलाभोवती ऑपरेटर, मेंटेनन्सवाले, स्टोअरकीपर आणि क्वालिटीची माणसं बोलवा आणि तुकडे त्यांच्या हातात द्या. अशाच एका बैठकीत आमच्या मेंटेनन्सच्या काकांनी ग्राइंडिंगचा तुकडा उचलून सरळ दुसऱ्या कोपऱ्यात ठेवला. "इथं पलीकडं प्रेस येणार ना? मग साइज धरणार नाही." मायक्रॉनमध्ये काम करणाऱ्या मशिनला प्रेसचे हादरे चालत नाहीत, हे पुस्तकात असतंच. पण कोणता प्रेस किती हादरतो हे त्यांच्या पायांना ठाऊक होतं.

आता ज्यासाठी मुख्यतः हे लिहायला घेतलं ते. प्लांटमधल्या काही गोष्टी नंतर हलवता येतात आणि काही येत नाहीत. मशिन हलतं. केबल ट्रे हलते. कॉम्प्रेस्ड हवेची लाइनही हलते, आणि ती शेडभर रिंगसारखी फिरवलेली असेल तर नवं मशिन कुठेही जोडता येतं, शेवटच्या टोकाला हवेचा दाबही फारसा कमी होत नाही. कॉलम, छताची उंची, फ्लोअरची जाडी, ट्रान्सफॉर्मरची जागा, गेट आणि पावसाच्या पाण्याचा उतार मात्र एकदा झाले की झाले. आपल्या हातातला बहुतेक वेळ या दुसऱ्या यादीवर जायला हवा. बैठका मात्र पहिल्या यादीवर रंगतात, कारण तिथे प्रत्येकाला मत असतं.

उंचीचंच बघा. क्रेन लावायची असेल तर हुकची उंची खालून वर मोजत जायची. मशिन साडेतीन मीटर, त्यावरून जॉब नेताना मोकळं अंतर अर्धा मीटर, जॉब स्वतः दीड मीटर, पट्टे आणि साखळी एक मीटर. हुक साडेसहा मीटरवर आला. त्याच्यावर क्रेनचा स्वतःचा ढाचा, त्यावर छताशी सुटलेली जागा. म्हणजे शेडच्या कडेची उंची साडेआठ-नऊ मीटरवर जाते. आज क्रेन घ्यायला पैसे नसतील तर नका घेऊ, पण कॉलम डिझाइन करताना क्रेनचा भार धरून ठेवा आणि क्रेन ज्यावर धावेल त्या गर्डरसाठी ब्रॅकेट आत्ताच बसवून घ्या. पीईबी शेडच्या (कारखान्यात बनवून जागेवर जोडायच्या स्टीलच्या शेडच्या) पुरवठादाराला हे ऑर्डरच्या आधी लेखी द्या. तो दिलेल्या भाराला पुरेल एवढंच स्टील वापरतो, आणि त्याच्या बाजूने ते बरोबरच आहे.

जमिनीची तपासणी टाळू नका. काळी माती लागली तर ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, वरचं ट्रिमिक्स (जास्तीचं पाणी ओढून घेतलेलं काँक्रीट फ्लोअर) कितीही चांगलं असलं तरी तडकतं. ती काढून मुरूम भरून दाबून घ्यावी लागते आणि त्याचा खर्च प्लॉटगणिक बदलतो. प्लॉट बघायला जमलं तर भर पावसात जा. पाणी कुठून येतं आणि कुठे साचतं ते नकाशावर दिसत नाही. गेटपाशी उभं राहून चाळीस फुटी कंटेनरचा ट्रेलर आत कसा वळेल हेही तेव्हाच बघून घ्या.

परवानग्यांचा क्रम मात्र पाठच करा. एमआयडीसीचा प्लॉट ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर मिळतो, त्यामुळे बँकेकडे तारण ठेवायलाही एमआयडीसीची संमती लागते. बांधकामाचे नकाशे तिथेच मंजूर होतात, फायरची एनओसी त्यासोबत. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कन्सेंट टू एस्टॅब्लिश (उभारणीची संमती) बांधकामाआधी आणि कन्सेंट टू ऑपरेट (चालवण्याची संमती) उत्पादनाआधी. कारखान्याचे नकाशे आणि परवाना डिशकडे, म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे. पुढे कधी प्लेटिंग (पार्टवर धातूचा मुलामा देणं) आत आणायचा विचार असेल तर तो पहिल्याच दिवशी कन्सल्टंटला सांगा. प्लेटिंग लाल, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या उद्योगांच्या गटात मोडतं, आणि काही ठिकाणी तो गट चालतच नाही.

विजेच्या मागे सगळ्यात आधी लागा. सगळ्या मशिनच्या मोटारींची बेरीज म्हणजे आपली मागणी नव्हे, कारण सगळ्या एकाच वेळी पूर्ण भाराने चालत नाहीत. जुन्या जागेची वीजबिलं काढा, त्यातली कमाल मागणी बघा आणि त्यावरून नव्याचा अंदाज बांधा. लोड वाढून एचटी (उच्च दाबाचं) कनेक्शन घ्यावं लागलं तर महावितरणची मंजुरी, केबल, ट्रान्सफॉर्मर आणि विद्युत निरीक्षकांची तपासणी अशी साखळी लागते. शेड तयार, मशिन उभी आणि वीज नाही अशा अवस्थेत कर्जाचं व्याज चालूच असतं. मालकांच्या चेहऱ्यावर तो ताण मी पाहिला आहे.

पैशांचं गणित सीए आणि बँक बघतात, पण दोन आकडे आपण त्यांना द्यायचे. बांधकामाच्या काळातलं व्याज, आणि पहिल्या काही महिन्यांचं खेळतं भांडवल, कारण तेव्हा उत्पादन कमी आणि खर्च पूर्ण असतो. हे दोन्ही प्रोजेक्ट रिपोर्टमधून हमखास निसटतात.

शेवटी मशिन हलवण्याचं. वाहन उद्योगात उत्पादनाची जागा बदलली की ग्राहकाकडून पार्ट पुन्हा मंजूर करून घ्यावा लागतो, मंजुरीच्या या प्रक्रियेला पीपॅप म्हणतात. त्यामुळे ग्राहकाला पत्र शिफ्टिंगच्या बरंच आधी जायला हवं. मंजुरी येईपर्यंत पुरेल एवढा माल जुन्या जागेत बनवून ठेवा, आणि तो ठेवायला जागा आहे का तेही बघा. एका पार्टची पूर्ण लाइन एकदम हलवा, अर्धी इकडे अर्धी तिकडे नको. हलवण्याआधी प्रत्येक मशिनची अचूकता मोजून कागदावर घ्या, म्हणजे नव्या जागी लेव्हल केल्यावर तुलना करता येईल. आणि जुन्या गाळ्याची नोटीस शेवटच्या पार्टची मंजुरी हातात आल्यावरच द्या. दोन-तीन महिन्यांचं जास्तीचं भाडं बजेटमध्ये आधीच टाकून ठेवा.