अणूला साल नसते, मग त्याची त्रिज्या कशी काढायची?

नागपूरच्या कळमना बाजारातून सारख्या मापाची दोन संत्री आणा. टेबलावर एकमेकांना टेकवून ठेवा आणि एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत पट्टीने मोजा. ७ सेंमी भरलं, तर एका संत्र्याची त्रिज्या साडेतीन. अणुत्रिज्याही अशीच काढतात, कारण अणूला संत्र्यासारखी साल नसते. इलेक्ट्रॉनांचा ढग बाहेर विरळ होत जातो. तो नेमका कुठे संपला, ते दाखवता येत नाही. तो पसरतो मात्र भलताच. कार्बनचं केंद्रक या संत्र्याएवढं करून झिरो माइलच्या खांबाशी ठेवलं, तर अणू चहूबाजूंनी साधारण एक किलोमीटर जाईल. सीताबर्डीचा किल्ला त्यात येतो.

म्हणून शेजारच्या दोन केंद्रकांमधलं अंतर घ्यायचं आणि निम्मं करायचं. क्लोरीनच्या रेणूत ते १९८ पिकोमीटर (मीटरचा एक लाख कोटीवा भाग म्हणजे एक पिकोमीटर) आहे, म्हणून सहसंयुज त्रिज्या, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेऊन जोडलेल्या अणूची त्रिज्या, ९९. तांब्याच्या स्फटिकात २५६, म्हणून धातू त्रिज्या १२८. निऑन बंधच करत नाही, त्याचे अणू नुसते शेजारी टेकतात. ती व्हॅन डर वाल्स त्रिज्या, सुमारे १५४. इथेच घोटाळा होतो. फ्लोरीन ६४ आणि निऑन १५४ पाहून मुलं लिहितात की निऑन दुपटीहून मोठा. ही दोन वेगळ्या पट्ट्यांची मापं आहेत, ती शेजारी ठेवूच नयेत.

आता उतरता क्रम लावायचा प्रश्न: सोडियम, क्लोरीन, पोटॅशिअम, मॅग्नेशिअम. आधी कवचं, म्हणजे केंद्रकाभोवतीचे इलेक्ट्रॉनांचे थर, मोजा. पोटॅशिअमची ४, बाकीच्यांची ३, पोटॅशिअम पहिला. उरलेल्यांचे प्रोटॉन बघा: ११, १२, १७. प्रोटॉन जास्त तितकी ओढ जास्त, अणू लहान. उत्तर: पोटॅशिअम २३१, सोडियम १८६, मॅग्नेशिअम १६०, क्लोरीन ९९. (यातही धातूंची मापं धातू त्रिज्येची आणि क्लोरीनचं सहसंयुज आहे, क्रम मात्र बदलत नाही.) ‘इलेक्ट्रॉन वाढले म्हणजे अणू फुगला’ ही चूक वारंवार दिसते. कवचांची संख्या तीच असेल, तर नवा इलेक्ट्रॉन त्याच बाहेरच्या कवचात जातो आणि शेजाऱ्यांना केंद्रकाच्या ओढीपासून फारसा आडोसा देत नाही.

गॅलिअमपाशी जपा. आवर्तसारणीत ॲल्युमिनिअमच्या खाली असूनही तो लहान, १४३ च्या जागी १३५. मधल्या दहा ‘डी’ इलेक्ट्रॉनांचा (‘डी’ नावाच्या आतल्या उपकवचातल्या) आडोसा तोकडा पडतो आणि केंद्रक बाहेरचं कवच आत ओढून घेतं.