कॉन्फरन्समध्ये राउटरचा प्रोटोटाइप दाखवायचाय? आधी हॉलमधल्या वायफायचं बघा

रिसर्च कॉन्फरन्समध्ये डेमो सिलेक्ट झाला की सगळे आधी पोस्टरच्या मागे लागतात, रंग कुठला, लोगो कुठे वगैरे. पोस्टर होतं हो. पण तुमची वस्तू घरगुती नेटवर्किंगची असेल, म्हणजे राउटर, मेश, स्मार्ट होमचा हब असलं काही, तर खरी गडबड वायफायमध्ये होते, कारण लॅबमध्ये आजूबाजूला चार-दोन राउटर असतात आणि डेमोच्या हॉलमध्ये शेजारच्या प्रत्येक टेबलावर कुणीतरी काहीतरी ट्रान्समिट करत असतं, वर बघायला येणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात फोन, त्यातले कितीतरी हॉटस्पॉट चालू ठेवलेले. जून २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्स स्टेजवर आयफोन ४ दाखवत होता आणि वेब पेजच लोड होईना, शेवटी त्याला लोकांना सांगावं लागलं की या हॉलमध्ये ५७० वायफाय बेस स्टेशन चालू आहेत, ती बंद करा. तुमच्या डेमोच्या वेळी तसं सांगितलं तर कुणी ऐकणार नाही, म्हणून आधीच सोय करून जायचं.

पहिली गोष्ट, हॉलच्या इंटरनेटवर डेमो टांगून ठेवायचा नाही. सर्व्हर तुमच्याच लॅपटॉपवर, क्लायंट तुमचेच, सगळं एका टेबलावर बसलं पाहिजे. हॉलच्या वायफायला लॉगिनचं पान असतं आणि प्रोटोटाइप बोर्डाला ना स्क्रीन ना ब्राउझर, मग तो लॉगिन करणार कसा? शिवाय बरेच घरगुती राउटर १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते वाटतात, हॉलच्या नेटवर्कनेही तेच वाटले की कुठलं पॅकेट कुठे जायचं याचा पार गोंधळ होतो. आपल्या बाजूला १०.७७.५ असलं काहीतरी आडवळणाचं ठेवा, भांडणच नको.

इंटरनेट काढून टाकलं की दोन गोष्टी हमखास बिघडतात. रास्पबेरी पाय ४ सारख्या बोर्डात बंद असताना चालणारं घड्याळ नसतं, तो एरवी नेटवरून वेळ घेतो, नेट नाही म्हटल्यावर जुन्याच तारखेत उठू शकतो आणि मग सर्व्हरची ओळख पटवणारं तुमचं सर्टिफिकेट ‘अजून लागू झालेलं नाही’ म्हणून एचटीटीपीएस कनेक्शन जोडलं जात नाही, आणि तुम्ही तासभर फायरवॉल तपासत बसता. लॅपटॉपवरच टाइम सर्व्हर चालवा किंवा बोर्डाला छोटं घड्याळ मॉड्यूल लावा. दुसरं म्हणजे फोन. वायफायला इंटरनेट नाही असं दिसलं की बरेच फोन गुपचूप मोबाईल डेटावर जातात, तुम्ही दाखवताय एक आणि ट्रॅफिक चाललंय भलतीकडूनच. फ्लाइट मोड लावायचा आणि मग फक्त वायफाय चालू करायचं. बघायला आलेल्यांच्या फोनवर विसंबायचंच नाही, आजकालचे फोन नेटवर्कगणिक वेगळा मॅक पत्ता (म्हणजे डिव्हाइसचा ओळख क्रमांक) दाखवतात, त्यामुळे मॅकवरून डिव्हाइस ओळखणारं काही केलं असेल तर तिथेच फसेल.

चॅनेलचं बोलायचं तर २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे नेहमीचे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. हॉलमध्ये ते भरलेलेच असणार, गरज नसेल तर त्या बँडच्या नादी लागू नका. ५ गिगाहर्ट्झवर ५२ ते १४४ या पट्ट्यातले चॅनेल रिकामे दिसतात आणि मोह होतो, पण तिथे बहुतेक देशांत रडारचा नियम आहे. राउटरने आधी निदान ६० सेकंद नुसतं ऐकायचं, रडार आहे असं वाटलं की चॅनेल सोडायचा आणि अर्धा तास परत फिरकायचं नाही. समोर माणसं उभी असताना हे झालं तर काय बोलणार? मी तरी ३६ ते ४८ मध्ये, २० मेगाहर्ट्झची अरुंद रुंदी ठेवून राहीन, स्पीड कमी मिळेल पण चालेल. आणि फर्मवेअरमध्ये, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, देशाचा कोड कॉन्फरन्स जिथे आहे तिथलाच टाका.

तुमचा रिसर्च वायरलेसबद्दल नसेल तर सरळ केबल लावा, लाजायचं काही कारण नाही. वायरलेसबद्दलच असेल तर अँटेना काढून रेडिओ कोॲक्स केबलने जोडता येतात, पण मध्ये सिग्नल कमी करणारा ॲटेन्युएटर हवाच, थेट जोडले तर रिसीव्हरला एवढा सिग्नल झेपत नाही, खराबही होऊ शकतो.

आता दाखवायचं काय. नेटवर्क चांगलं चाललंय हे डोळ्यांना दिसतच नाही, ही या विषयाची मूळ अडचण. म्हणून आधी वाईट नेटवर्क दाखवा. समजा तुमचा राउटर अपलोड चालू असतानाही व्हिडिओ कॉल नीट ठेवतो. दोन सेट शेजारी शेजारी ठेवा, एक साधा, एक तुमचा, लिनक्सच्या टीसी या ट्रॅफिकचा वेग आवरणाऱ्या कमांडने दोन्हीकडे अपलोड १० एमबीपीएसवर आणा आणि दोन्हीकडे सारखीच मोठी फाइल चढवायला लावा. साध्या राउटरचा बफर, म्हणजे पॅकेट रांगेत थांबायची जागा, १ एमबीचा असेल तर तो रिकामा व्हायला ०.८ सेकंद लागतात, म्हणजे पिंग (जाऊन परत यायला लागणारा वेळ) २० मिलिसेकंदांवरून आठशेच्या पुढे जातो आणि कॉलमधला माणूस तोंड उघडं ठेवून थिजतो. शेजारच्या स्क्रीनवर तोच माणूस बोलतोय. हे बघितल्यावर ग्राफ समजावून सांगावा लागत नाही. अपलोडचं बटण बघणाऱ्याच्या हातात द्या, स्वतः दाबलं की लोकांचा विश्वास बसतो. बाय द वे, हा प्रॉब्लेम नवा नाही, बफरमधली रांग लांबू न देणारा कोडेल अल्गोरिदम २०१२ मध्येच आला आणि त्याचाच पुढचा प्रकार एफक्यू-कोडेल ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या मोफत फर्मवेअरमध्ये कधीपासून आहे, त्यामुळे तुलना कशाशी केली हे कुणीतरी विचारणारच. बफर मुद्दाम फुगवलेल्या राउटरशी तुलना केली असेल तर विचारायच्या आधीच सांगून टाका, लिंकही टीसीने मुद्दाम हळू केलेली आहे हे बोर्डावर लिहा. जाणकार माणूस दोन मिनिटांत ओळखतो आणि मग बाकीचं काहीच ऐकत नाही.

बारीकसारीक: ॲडॅप्टरवर लेबल लावा, ५ आणि १२ व्होल्टची पिन कधी कधी अगदी सारखी असते आणि घाईत १२ वाला ५ च्या बोर्डात गेला तर डेमो तिथेच संपला. एसडी कार्डाची कॉपी सोबत ठेवा. पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेतच न्यायची, साधारण १०० वॉट-आवरपर्यंत परवानगी लागत नाही. लॅबमध्ये नीट चाललेल्या डेमोचा एक व्हिडिओ लॅपटॉपवरच ठेवा, क्लाउडवर नको. पण बिघडल्या बिघडल्या व्हिडिओ लावू नका, आधी काय झालं ते सांगा, प्रोटोटाइप आहे, लोक समजून घेतात.

पॅकेट कॅप्चर, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या ट्रॅफिकची नोंद, दाखवणार असाल तर फक्त तुमच्याच डिव्हाइसचं. नेटवर्कला पासवर्ड लावा, उघडं ठेवलं तर कुणाचाही फोन येऊन चिकटतो आणि त्याच्या डीएनएस रिक्वेस्ट, म्हणजे तो कुठल्या साइट शोधतोय ते, तुमच्या मोठ्या स्क्रीनवर सगळ्यांसमोर झळकतात. चुकून काही साठलंच असेल तर सामान बांधायच्या आधी, तिथेच, पुसून टाका.