पिकअपच्या हौद्यात डर्ट बाइक कशी बांधावी: साताऱ्याहून माणच्या माळावर जाताना

साताऱ्यात डर्ट बाइक चालवणाऱ्यानं कासच्या पठारावर गाडी घालूच नये. ते पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे. तिथल्या खडकावर मातीचा थर इतका पातळ आहे की चाकाखाली फुलांबरोबर तोही जातो. गाडी पळवायची तर माण-खटावकडं जावं, ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीक रानात, त्याला विचारून. रस्ता कोरेगाव, वर्धनगडाचा घाट, पुसेगाव, दहिवडी असा. निव्वळ मोटोक्रॉसची गाडी या रस्त्यानं चालवत नेता येत नाही, कारण तिला पासिंग नसतं. हिरोची पासिंगवाली एक्सपल्स नेता येते, पण दिवसभर माळावर आपटून, हात भरून आल्यावर संध्याकाळी ऐंशी-नव्वद किलोमीटर तीच चालवत परतणं मला पटत नाही. म्हणून गाडी लादून न्यावी.

मारुती जिम्नीच्या मागं लटकवू नका

परदेशात जिम्नीसारख्या छोट्या फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या) गाडीच्या मागं लोखंडी कॅरिअर लावून त्यावर बाइक आडवी उभी करतात. त्याचे फोटो बघून इथंही अनेकजण तसं कॅरिअर बनवून घ्यायला निघतात. त्याआधी कागद-पेन्सिल घ्या. पाच दारांच्या जिम्नीची रुंदी १६४५ मिलिमीटर, बाइकची लांबी २१०० च्या आसपास. म्हणजे दोन्ही बाजूंना वीतभर बाइक बाहेर. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ (१अ) प्रमाणे हद्दीबाहेर आलेल्या मालाला २०,००० रुपये दंड आहे. शिवाय नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले जातात ते वेगळंच.

दंडापेक्षा मला काळजी वजनाची वाटते. ११० किलोची बाइक आणि ३० किलोचं कॅरिअर धरा, १४० किलो. हा भार मागच्या आसापासून साधारण १.१ मीटर मागं लटकतो. दोन आसांमधलं अंतर २.५९ मीटर. हिशेब केला तर पुढच्या चाकांवरचं सुमारे ६० किलो वजन उचललं जातं आणि मागच्या चाकांवर २०० पडतं. घाटाच्या वळणावर स्टिअरिंग हलकं लागतं ते यामुळं. तेव्हा बाइक मागच्या आसाच्या पुढं किंवा निदान वर यायला हवी, आणि ते पिकअपच्या हौद्यातच जमतं.

बोलेरो कॅम्पर (दोन ओळी सीटचा पिकअप) असेल तर एकच बाइक न्या. तिचा हौदा आखूड असतो, बाइक सरळ बसत नाही. कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी बसते का ते टेपनं मोजा. फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं दार, बंद झाला पाहिजे. दोन बाइक न्यायच्या असतील तर एका केबिनचा, लांब हौद्याचा पिकअप बघा. वजनाची चिंता नको. दोन एक्सपल्स मिळून ३२० किलोच्या आत-बाहेर भरतात.

चढवणं

पुसेगावच्या सेवागिरी यात्रेत शर्यतीचे बैल पिकअपमधून कसे उतरवतात ते एकदा थांबून बघा. जाणता माणूस पिकअप मागं घेत बांधाला लावतो, फाळका बांधावर टेकवतो आणि बैल सपाटीवरून चालत बाहेर येतो. बाइकलाही तेच करावं. रानात बांध, ओढ्याकाठची दरड, काहीतरी उंचवटा सापडतोच. त्याला हौदा भिडवला की निम्मं काम झालं.

उंचवटा नसेल तर फळी. निदान आठ फूट लांब, जाड, बिनगाठीची. फळीचं वरचं टोक हौद्याच्या कडीला दोरीनं बांधा. हे मी कळकळीनं सांगतोय. एकदा आम्ही फळी नुसती टेकवली होती. मागचं चाक फळीवर आल्यावर पुढचा जोर लागला, फळी मागं सरकली आणि बाइक भावाच्या नडगीवर पडली. हाड वाचलं, पण तीन आठवडे तो लंगडत होता.

बाइकवर बसून चढवू नका. डावीकडं उभं राहून, पहिल्या गिअरमध्ये अर्ध्या क्लचवर तिला स्वतःच्या ताकदीनं चढू द्या. चालणाऱ्यासाठी शेजारी दुसरी फळी हवी. मागचा माणूस सीटच्या मागच्या लोखंडाला हात लावतो, चाकाला नाही. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर चढवण्याआधी पेट्रोलचा कॉक बंद.

बांधणं

पुढचं चाक केबिनच्या भिंतीला सरळ भिडवा, मध्ये जुन्या टायरचा तुकडा. दोन बाइक असतील तर दुसरी फूटभर मागं घ्या, म्हणजे हँडल एकमेकांत अडकत नाहीत. साइड स्टँड वर. स्टँडवर उभी करून बांधलेली बाइक खड्ड्यात आपटली की स्टँडचा कान तुटतो.

आता पट्टे. नायलॉनची दोरी भिजली की सैल पडते. पावसाळ्यात साताऱ्यात हे हमखास होतं. पॉलिस्टरचे रॅचेट पट्टे (खटक्यानं आवळायचे) घ्या आणि त्यावर शिवलेल्या चिठ्ठीवरचा सुरक्षित भार वाचा. पुढचे दोन पट्टे हँडलच्या टोकांना लावू नका, ग्रिप फिरते. पुढचे शॉकप जिथं धरलेले असतात त्या खालच्या टीला मऊ पट्ट्याचा फास टाका आणि त्यात हुक अडकवा. तिथून दोन्ही पट्टे खाली, पुढं आणि बाहेर गेले पाहिजेत. सरळ खाली ओढलेला पट्टा बाइकला मागं सरकण्यापासून अडवत नाही, आणि घाट चढताना ती मागंच जायला बघते.

किती आवळायचं? शॉकप निम्म्यापर्यंत दबेल इतकं. पूर्ण दाबून बांधलं तर दोन तासांच्या हादऱ्यांत ऑइल सील गळू लागतात. सैल ठेवलं तर खड्ड्यात शॉकप दबतो, पट्टा ढिला होतो आणि हुक कडीतून निसटतो. त्यासाठी चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये लाकडी ठोकळा बसवायचा, मग जास्त आवळलं तरी शॉकप तिथंच थांबतो. उघड्या तोंडाचे हुक चिकटपट्टीनं बंद करून टाका.

मागचे दोन पट्टे सीटखालच्या लोखंडापासून मागं आणि बाहेर. त्यांचं काम मागचं चाक इकडंतिकडं उडू न देण्याचं, दाबायचं नाही. गिअर पहिला ठेवा. शेवटी हँडल धरून जोरात हलवा: बाइकबरोबर पिकअपही हलला तर बांधणी बरोबर.

रस्त्यात

कोरेगावात थांबून पट्टे पुन्हा आवळा. पहिल्या दहा-वीस किलोमीटरांत ते बसतात आणि थोडे ढिले होतातच. वर्धनगडाच्या पायथ्याला पुन्हा हात फिरवा. पिकअपचे पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) एक टन मालासाठी असतात, त्यामुळं दोन बाइकवर ते रिकाम्यासारखेच उडतात; गतिरोधकावर अगदी सावकाश. बाइक धरायला हौद्यात माणूस बसवू नका. ती पडली तर त्याच्यावरच पडेल.

उतरवणं

माणसं दमलेली, आणि सगळ्यांना घाई. नडग्या याच वेळी सोलतात. आधी मागचे पट्टे सोडा. मग एकानं बाइक धरल्यावरच पुढचे, दोन्ही बाजूंनी थोडे थोडे, कारण शॉकप झटक्यात वर येतो. फळीवरून बाइक उलटी उतरते तेव्हा सगळं वजन मागच्या चाकावर असतं. पुढचा ब्रेक दाबला तर हलकं झालेलं पुढचं चाक नुसतं घसरतं. इंजिन बंद ठेवा, पहिला गिअर घाला आणि क्लच दाबत-सोडत उतरा. क्लच सोडला की मागचं चाक जागेवर थांबतं.