डिझेल मुरलेली माती साफ करायचीय? जेसीबी नंतर बोलवा

एमआयडीसीतल्या जुन्या शेडमधे जमिनीखालची डिझेल टाकी गळतेय असा नुसता संशय आला की पहिला फोन जेसीबीवाल्याला जातो आणि काम तिथेच बिघडतं. एका युनिटमधे मी पोचेपर्यंत खोदून ढीग मारला होता, वरचा चांगला मुरूम न् खालची तेलकट काळी माती सगळं एकत्र, दोन डंपरचं काम सात डंपरवर गेलं आणि चांगली मातीसुद्धा घातक कचऱ्याच्या भावात द्यावी लागली. फार जीव तुटला तेव्हा, म्हणून हे लिहितोय.

आधी गळती पकडा. संध्याकाळी सगळे वाल्व बंद करून डिपस्टिकने लेव्हल घ्या, सकाळी परत घ्या, दोन-तीन रात्री करा. लेव्हल उतरत असेल तर टाकी, नसेल तर पाइपचे जॉइंट किंवा भरताना सांडणारं डिझेल. टाकी गळत असेल तर लगेच रिकामी करा आणि एमपीसीबीला (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ) लेखी कळवा, लपवू नका.

मग जुन्या वॉचमनकाकांना, फिटरला गाठा. ड्रम कुठे ठेवायचे, पावसाचं पाणी कुठून वाहायचं, हे कुठल्याच ड्रॉइंगमधे नसतं. त्यावरून मातीचे नमुने काढायच्या बोअरच्या जागा ठरवा: टाकीभोवती, जॉइंटपाशी, उताराच्या बाजूला, आणि एक वरच्या स्वच्छ बाजूला, म्हणजे तुलना करता येते. काळ्या मातीत हाताचा ऑगर (माती काढायचं गिरमिट) चालतो, मुरमाला रिग म्हणजे बोअरचं मशीन लागतं. आपल्याकडे डिझेल मुरमातून खाली जातं आणि कातळाच्या भेगांमधून भलतीकडेच निघतं, शिवाय ते पाण्यावर तरंगतं, पावसाळ्यात पाणी वर आलं की तेही वर येतं, उन्हाळ्यात खाली उतरतं आणि मधली सगळी माती माखते. म्हणून मे महिन्यात एकदा आणि पाऊस संपल्यावर एकदा, दोन्ही वेळा बघा, शेजारच्या बोअरवेलचं पाणीही तपासा.

जागेवर करायची एक सोपी टेस्ट: काचेच्या बाटलीत मूठभर माती, वर पाणी, जोरात हलवा, पाच मिनिटं ठेवा. वर रंगीत तवंग आला की काडीने मोडून बघा. पापुद्र्यासारखा तुटून तुकडे तसेच राहिले तर तो बहुतेक लोहाच्या जिवाणूंचा असतो, फिरून एकत्र आला तर तेल. पीआयडी मीटर (मातीतून उडणारी तेलाची वाफ मोजणारं यंत्र) असेल तर वापराच, पण जुन्या डिझेलला तो कमी आकडा दाखवतो, शून्य आलं म्हणजे माती स्वच्छ असं समजू नका. लॅबसाठी काचेची बरणी गच्च भरा, टेफ्लॉनचं झाकण, बर्फाच्या पेटीत ठेवून त्याच दिवशी पाठवा, प्लास्टिकची पिशवी चालत नाय. टीपीएच (मातीतलं एकूण पेट्रोलियम तेल), बीटेक्स (बेंझिन, टोल्युइन वगैरे उडून जाणारी रसायनं) आणि पीएएच (तेलातली जड, चिवट संयुगं) तिन्ही मागा.

आता खोदा, पण स्वच्छ आणि तेलकट ढीग वेगळे, खाली लायनर, वर ताडपत्री. छातीएवढ्या खड्ड्यात माणूस उतरवू नका, दरड येते आणि वाफही साचते. माती थोडी आणि फार तेलकट असेल तर फॉर्म 10 मॅनिफेस्ट (घातक कचरा नेतानाचं पत्रक) भरून तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीच्या घातक कचरा केंद्रात जाऊ द्या. कुणाच्या प्लॉटवर भरावाला अजिबात देऊ नका, तिथे उद्या कुणाची तरी विहीर असते.

माती जास्त असेल तर माझं मत बायोपाइलच, म्हणजे मातीचा ढीग करून हवा-खत देऊन जिवाणूंकडून तेल खाववायचं. ढीग दीड-दोन मीटरच्या वर नको, मधून भोकाचे पाइप आणि ब्लोअर, चिकण मातीत हवा खेळायला बगॅस (उसाचं चिपाड) मिसळा. खताचा हिशोब असा: 100 टन मातीत टीपीएच 10,000 मिग्रॅ/किलो म्हणजे 1 टन तेल, त्यात कार्बन साधारण 850 किलो. कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस 100:10:1 धरलं तर नायट्रोजन 85 किलो म्हणजे युरिया 185 किलो, आणि सुपर फॉस्फेट 120 किलोच्या आसपास. एकदम टाकू नका, जिवाणू मरतात, तीन-चार हप्त्यांत द्या. ओल मुठीत तपासायची, लाडू वळला पाहिजे पण पाणी गळता कामा नये. टेरी या संशोधन संस्थेचं ऑइलझॅपरसारखं तेल खाणाऱ्या जिवाणूंचं कल्चर मिळतं, पण डिझेलला मातीतले जिवाणू बऱ्याचदा पुरतात, आधी त्यांना हवा-खत द्या.

चार-सहा महिने तरी धरा, दर महिन्याला सॅम्पल काढा. आणि खड्डा बुजवण्याआधी चारी भिंती आणि तळातून सॅम्पल घेऊन रिपोर्ट हातात येईपर्यंत थांबा, मालक कितीही घाई करो.